चकाट्यांची फी युरोमध्ये

भडगावातला एखादा मुलगा परदेशी निघाला की गावाला पहिला प्रश्न पडतो तो पॅकेजचा. अमेरिकेला निघाला तर डॉलर किती, जर्मनीला निघाला तर युरो किती, आणि दुबईला निघाला तर येताना सोनं किती आणता येतं, ही सगळी चर्चा बसस्टँडवरच्या पहिल्या चहात उरकते. पण मुलगा पुण्याच्या नोकरीतून बिनपगारी रजा काढून, वर स्वतःच्या खिशातले पैसे घालून, स्पेनमध्ये स्पॅनिश शिकायला चाललाय म्हटल्यावर गाव जरा गडबडलं. भाषा ही काय पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे? आमच्याकडे घरात अहिराणी फुकट, शाळेत मराठी फुकट, बाजारात हिंदी फुकट. राहिली इंग्रजी. तिच्या क्लासला पैसे भरतात, पण तेही फुकटच जातात.

मामांनी सगळ्यांच्या वतीने तोंड उघडलं. "भाच्या, शीक बाबा. पण याचा उपयोग काय?"

मामांना कल्पना नव्हती, पण हा प्रश्न विचारून ते थेट एका राणीच्या पंगतीला जाऊन बसले होते. १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिखा नावाच्या पंडिताने सालामांका शहरात स्पॅनिशचं व्याकरण छापलं. युरोपातल्या लोकभाषांपैकी कुठल्याही भाषेचं छापून निघालेलं हे पहिलं व्याकरण. त्याचा नमुना राणी इसाबेलला दाखवला तेव्हा बाईंनी हेच विचारलं, की याचा उपयोग काय? हे नेब्रिखाने स्वतःच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. त्याला उत्तर द्यायचीही संधी मिळाली नाही. शेजारी उभे असलेले आविलाचे बिशप मध्येच बोलले: महाराणी, आपण परके मुलूख जिंकाल, तिथल्या लोकांना आपले कायदे पाळावे लागतील, त्यासाठी त्यांना आपली भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे पुस्तक कामाला येईल. त्याच वर्षी कोलंबस निघाला, आणि बिशपांचं म्हणणं जरा जास्तच खरं ठरलं. आज वीस देशांत ही भाषा राजभाषा आहे.

माझ्याकडे बिशप नव्हते. धाकट्या काकांनी ती जागा भरून काढली. "पुण्यात स्पॅनिश येणाऱ्याला कंपन्या पगार जास्त देतात."

"मंग ठीक शे," मामा म्हणाले, आणि व्हिसाच्या आधी मला घरची मंजुरी मिळाली.

स्पेनबद्दल भडगावची एकूण माहिती एका हिंदी सिनेमापुरती आहे. त्यामुळे निरोपाला आलेला प्रत्येक जण विचारत होता, "तिथं टमाटे फेकतात ना रे?" फेकतात. बुन्योल नावाच्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी फेकतात, आणि २०१३ पासून त्याला तिकीट आहे. हे ऐकून आमचे एक शेजारी बराच वेळ गप्प झाले. भाव पडला की त्यांनीही टमाट्याचे क्रेट रस्त्यावर ओतलेत. त्याला तिकीट लावता येतं, हे त्यांना कुठल्याच कृषी मेळाव्यात कुणी सांगितलं नव्हतं.

स्पॅनिशची बाराखडी मी पुण्यातच गिरवली होती. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथं संध्याकाळी पुण्यातली निम्मी तरुण मंडळी जर्मन, फ्रेंच, जपानी घोकत कॅन्टीनकडे जाताना दिसतात. पण "खरी भाषा देशात जाऊनच येते" असं सगळेच सांगतात, आणि देशात गेल्यावर पहिला मान सालामांकाचा. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. आमचं जळगावचं विद्यापीठ १९९० सालचं. २०१८ साली सालामांकावाले विद्यापीठाचा आठशेवा वाढदिवस करत होते, त्याच वर्षी आमच्या विद्यापीठाचं बारसं झालं आणि त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. वयातला फरक एवढाच.

सालामांकाच्या जुन्या विद्यापीठात फ्राय लुईस दे लेओन या सोळाव्या शतकातल्या अध्यापकाचा वर्ग तसाच जपून ठेवलाय. बाकं म्हणजे झाडाचे तासलेले ओंडके. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली तीस वर्षं जी बाकं निर्लेखनाच्या यादीत आहेत, ती यांच्यापुढे सोफासेट म्हणावी लागतील. या गुरुजींना इन्क्विझिशनने जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्यांनी "काल आपण म्हणत होतो..." एवढंच बोलून पुढचा धडा सुरू केला, अशी आख्यायिका आहे. आमचे गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीनंतर हेच करायचे. त्यांची आख्यायिका झाली नाही, कारण काल काय म्हणत होते ते वर्गात कुणालाच आठवत नसे.

आमचा वर्ग मात्र आधुनिक होता, आणि पहिल्याच दिवशी हजेरीत भडगावचं पार भजं झालं. स्पॅनिशमध्ये एच मुका असतो आणि जेचा उच्चार खच्या अंगाने जातो. बाईंनी अर्ज वाचला: गाव बादगाओन, जिल्हा खाल्गाओन. मी हात वर केला. खान्देशातल्या माणसाला ख परका नाही.

खरं सांगायचं तर मराठी माणसाला स्पॅनिश जड जाऊच नये. तिथं लिंगं दोन, आपल्याकडे तीन. म्हणजे सरळ एकतृतीयांश सूट. वर्गातला अमेरिकन मुलगा मात्र हैराण होता. टेबल ही बाई कशी, आणि कुणी ठरवलं, असं तो रोज बाईंना विचारायचा. मी त्याला समजावलं, की आमच्याकडे ते टेबल असतं, ती खुर्ची असते आणि तो पलंग असतो. एकाच खोलीत तिघं सुखाने राहतात, आणि कुणी ठरवलं हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. लांबलचक र्रचंही तसंच. जपानी मुलगी त्याचा ल करायची, जर्मन आजोबा तो घशातून काढायचे. मी माझ्या आजोबांच्या बैलगाडीत मागे बसून वाढलेला. बैलांना "हिर्रर्र" म्हणायला शिकलेल्या जिभेला स्पॅनिश कुत्रा, म्हणजे पेर्रो, पहिल्या फटक्यात जमला. बाईंनी मला उभं करून वर्गाला तो उच्चार ऐकवायला लावला. बैलांना त्याचं श्रेय द्यायला मात्र माझ्याकडे शब्द नव्हते, कारण आम्ही अजून पाळीव प्राण्यांत मांजरापर्यंतच आलो होतो.

हे शब्द नसणं फार मजेशीर असतं. वर्गात नव्याने ओळखी झाल्या. कोरियाची एक मुलगी, ब्राझीलचा एक मुलगा, हा अमेरिकन, ती जपानी, मोरोक्कोची एक नर्स आणि रेल्वेतून निवृत्त झालेले ते जर्मन आजोबा. आमची मैत्री झाली ती पुस्तकातल्या पहिल्या चार धड्यांच्या आधारावर. त्यामुळे प्रत्येकाला भाऊ किती, बहिणी किती, मांजर काळी की पांढरी आणि आवडता रंग कोणता, हे आम्हाला एकमेकांबद्दल सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त माहीत होतं. बाकी काहीच माहीत नव्हतं. सगळ्यांचे वडील डॉक्टर, शिक्षक किंवा शेतकरी होते, कारण धड्यात तेवढेच धंदे होते. आडत, वाटेकरी, सोसायटीचे चेअरमन हे प्रकार नेब्रिखाच्या व्याकरणापासून आजवर कुठल्याच पुस्तकात घेतलेले नाहीत.

त्यातून आम्हाला फक्त वर्तमानकाळ येत होता. काल मी जातो, उद्या मी जातो, लहानपणी मी पडतो. साधुसंत ज्या अवस्थेसाठी आयुष्य घालवतात ती आम्हाला पहिल्या महिन्याच्या फीमध्येच मिळाली. याचा एक फायदा झाला, की कुणी कुणाशी खोटं बोलेना. थाप मारायला भूतकाळ लागतो. जर्मन आजोबांना मी आमच्याकडच्या रेल्वेची माहिती दिली. भुसावळ मोठं जंक्शन आहे. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी आहे. गाडी हळू आहे. माणसं खूप आहेत. माणसं वर आहेत. आजोबांचे डोळे चमकले. ही गाडी केव्हाच बंद पडली, पण ते सांगायला क्रियापदाचं जे रूप लागतं ते सातव्या धड्यात होतं. तोवर माझ्या तोंडी ती गाडी रोज वेळेवर धावत होती. आजोबांनी पुढच्या हिवाळ्यात तिने प्रवास करायचं ठरवलं तेव्हा मी सातवा धडा घाईघाईने आधी वाचून काढला.

दुपारी वर्ग सुटायचा आणि मग खरा अभ्यास सुरू व्हायचा. सालामांकाच्या मधोमध प्लाथा मायोर हा भला थोरला चौक आहे. १७२९ साली बांधायला घेतला, १७५५ साली पुरा झाला. चारी बाजूंनी सोनेरी दगडाच्या कमानी, आणि मधे मोकळी फरसबंदी. तिथं काय करायचं असतं? काही नाही. फरशीवर मांडी ठोकून बसायचं. गावातली पोरं, बाहेरून आलेले विद्यार्थी, सगळे बसलेले. भेटायची जागा एकच: घड्याळाखाली. साडेसहाला घड्याळाखाली भेटू असं ठरलं की आजोबा सहा पंचवीसला हजर. मी आणि ब्राझीलवाला सातला. ज्याने ही वेळ ठरवली तो स्पॅनिश मित्र सव्वासातला. एवढ्या मोठ्या घड्याळाखाली रोज इतकी माणसं इतक्या शांतपणे उशिरा येताना पाहून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

त्या बैठकीत आम्ही जे बोलायचो त्याला आम्ही सगळे स्पॅनिश म्हणायचो. ब्राझीलवाला पोर्तुगीज बोलून शेवटचं अक्षर बदलायचा. अमेरिकन इंग्रजी शब्दाला ओ लावायचा. मी हातवाऱ्यांत अस्सल खान्देशी. तरी कोरियन मुलीच्या आजीच्या गुडघ्यापासून मोरोक्कोतल्या लग्नाच्या खर्चापर्यंत सगळं सगळ्यांना समजत होतं. घोटाळा तेव्हाच व्हायचा, जेव्हा एखादा खरा स्पॅनिश माणूस येऊन बसायचा. तो मिनिटाला अडीचशे शब्दांच्या वेगाने बोलू लागला की आमच्यापैकी कुणालाच स्पॅनिश येईनासं व्हायचं. तो बिचारा थोडा वेळ थांबून कंटाळून उठायचा, आणि आमचं अस्खलित स्पॅनिश पुन्हा सुरू व्हायचं.

या देशात नुसतं बसण्याला केवढी प्रतिष्ठा आहे! दक्षिणेत कादिझ प्रांतात अल्गार नावाचं एक गाव आहे, जेमतेम दीड हजार वस्तीचं. उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन उतरलं की तिथले लोक दारात खुर्च्या टाकून शेजाऱ्यांशी गप्पा मारतात. २०२१ साली तिथल्या महापौरांनी मागणी केली, की या गप्पांना युनेस्कोने जगाचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता द्यावी. ही बातमी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भडगावात उन्हाळ्याच्या रात्री ओट्याओट्यावर हाच कार्यक्रम चालतो, वर वीज गेली तर त्याला अंगणही पुरत नाही. मोठ्या काकांचं उत्तर आलं: "म्हणजे तुझे आजोबा जन्मभर जागतिक वारसा जपत होते, आणि आम्ही त्यांना म्हणत होतो, बसून राहू नका."

दुपारचंही तेच. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की भडगावची पेठ बारा वाजता शटर ओढते ती पाचला उघडते. स्पेनमध्ये दुपारी दोन ते पाच हेच चालतं. त्यांनी त्याला सिएस्ता असं नाव दिलं आणि पर्यटनाच्या माहितीपुस्तकात छापलं. आम्ही त्याला "दुकानदार झोपलाय" म्हणतो आणि कडी वाजवतो.

मात्र त्यांच्या रात्रीची सवय व्हायला वेळ लागला. १९४० साली फ्रँकोने स्पेनची घड्याळं एक तास पुढे करून जर्मनीच्या वेळेला जुळवली, आणि नंतर ती मागे घ्यायची राहूनच गेली. त्यामुळे जूनअखेरीस सालामांकात सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. मी रात्री नऊचा म्हणून चौकातला फोटो पाठवला. मागे लख्ख ऊन. मावशीने तो मोठा करून पाहिला आणि आईला फोन केला, की पोरगा खोटं बोलायला लागलाय, जरा लक्ष ठेव. आईचा प्रश्न नेहमीचाच, "जेवण जयं का?" भडगावात तेव्हा झाकपाक होऊन लोक निजायच्या बेतात असायचे, आणि सालामांकात रात्रीच्या जेवणाचा विषयसुद्धा अजून कुणी काढलेला नसायचा. मी "हो" म्हणायचो. दुपारचं झालेलंच असायचं.

जेवणाबद्दल थोडक्यात. आमचं घर माळकरी. हॉटेलात मी स्वच्छ सांगायचो, मांस नको. वेटर मान डोलावायचा आणि सॅलडवर ट्यूना घालून आणायचा, कारण मासा म्हणजे मांस नव्हे. पुढच्या वेळी मासाही नको म्हणालो, तर वाटाण्यात हॅमचे तुकडे. ते मांस नव्हे, ते चवीपुरतं. शेवटी बटाट्याच्या तोर्तियावर तह झाला. त्यात अंडं असतं, ही गोष्ट मी आईला अजून वर्तमानकाळातही सांगितलेली नाही.

आता केळ्यांचं सांगतो, कारण ते मनावर घेण्यासारखं आहे. चौकाला लागूनच लोखंडी खांबांची जुनी मंडई आहे. तिथं एका फळवालीकडे केळी मांडलेली. किलोला दोन युरोच्या वर. सालीवर काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यांचीच जाहिरात, की ठिपके म्हणजे आमची कानारी बेटांची अस्सल केळी. आमच्या बागेतल्या मालावर एवढे ठिपके दिसले असते तर व्यापाऱ्याने गाडी परत नेली असती. मी फणी उचलली, उलटी केली, देठ पाहिला, एका केळ्याचा कोन अंगठ्याने चाचपला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

"माझे वडील शेतकरी आहेत," मी म्हणालो. पहिला धडा.

"बरं मग?"

"केळीचे शेतकरी."

बाईंचा चेहरा बदलला. कुठं, किती, पाणी कसं देता, वाऱ्याने झाडं पडतात का? मी चारही धडे पणाला लावले. जून-जुलैत लावतो, ती मृगबाग. ऑक्टोबरात लावतो, ती कांदेबाग. पाणी थेंब थेंब. वारा वाईट. करपा वाईट. व्यापारी फार वाईट. शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात चांगलं समजलं. मग कळलं, की कानारी बेटांवर ज्या जाती लावतात त्यातली एक ग्रान एनाना. आमच्याकडे घरोघर आहे ती ग्रँड नैन. नाव बदललं, खोड तेच. सन १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या पाद्र्याने या कानारी बेटांवरूनच केळीची रोपं अमेरिकेकडे नेली असं सांगतात. अमेरिकेतून उलट दिशेने मिरची निघाली, ती स्पेनला आली आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे. म्हणजे केळं पूर्वेकडचं, पश्चिमेला जाऊन मोठं झालं. मिरची पश्चिमेची, पण तिचं खरं करिअर खान्देशात झालं.

याचा पुरावा मी एका शनिवारी दिला. बॅगेत शेव होती, काळा मसाला होता. मित्रमंडळींना शेवभाजीचं आमंत्रण केलं. स्पॅनिश लोक मिरची ला वेराच्या खोऱ्यात ओकच्या धुरावर वाळवतात, दळतात आणि इतक्या बेताने वापरतात की तिखटपणा हा वासापुरता उरतो. त्यामुळे घरमालकीणबाईंनी मोठ्या आत्मविश्वासाने तर्रीत पाव बुडवला. पुढची दहा मिनिटं त्या भाषेच्या पलीकडे होत्या. आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पाचोरा-जामनेर गाडीत हेच मिळतं का असं विचारलं. कोरियन मुलगी मात्र शांतपणे वाटी रिकामी करून म्हणाली, अजून आहे का? त्या दिवसापासून खान्देश आणि कोरिया यांच्यात रोटीव्यवहार सुरू झाला.

रविवारी तोर्मेस नदीच्या काठी फिरायला जायचं. तिथं रोमन काळातला पूल आहे आणि पुलाच्या तोंडाशी एक दगडी जनावर आहे, ख्रिस्तपूर्व काळातलं. सगळे त्याला बैल म्हणतात. १५५४ साली छापलेल्या ‘लाझारियो दे तोर्मेस’ या कादंबरीत एक आंधळा म्हातारा आपल्या पोरगेल्या नोकराचं डोकं याच बैलावर आपटतो, आणि जग कसं असतं ते त्याला सुरुवातीलाच शिकवतो. गंमत म्हणजे आज त्या बैलालाच डोकं नाही. बाई पुतळ्याची ऐतिहासिक माहिती सांगत होत्या, आणि मी विचार करत होतो, की पोळ्याला याची शिंगं रंगवायची कुठं आणि पुरणपोळी भरवायची कुणाला.

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर दगडात कितीतरी आकृत्या कोरल्यात. त्यातल्या एका कवटीवर एक इवलासा बेडूक बसलाय. कुणी न दाखवता ज्याला तो दिसेल तो विद्यार्थी परीक्षेत पास, अशी श्रद्धा. त्या भिंतीसमोर जगभरातली शहाणीसुरती पोरं माना वर करून तासन्‌तास उभी असतात. तेवढा वेळ पुस्तक उघडलं तर बेडकाची गरज पडणार नाही, हे कुणीच कुणाला सांगत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मारुतीला नारळ फोडून मोठा झालेला माणूस तर मुळीच सांगणार नाही. मीही मान वर केली.

इतक्या देशांची भाषा म्हटल्यावर शुद्ध कुणाची हा वाद आलाच. जवळच्या वायादोलिद शहरातले लोक मानतात की शुद्ध स्पॅनिश तिथंच बोललं जातं, बाकीचे बोलतात ते आपापल्या सोयीचं. मला लगेच ओळख पटली. पुण्यातून आलो होतो ना! पुढे चौकात एक कोलंबियाचा भेटला, तो म्हणाला शुद्ध आमचं. मेक्सिकोवाली म्हणाली संख्येने आम्ही जास्त, आम्ही बोलू ते शुद्ध. स्पेनमध्ये तरुण पोरं एकमेकांना "तिओ", म्हणजे काका, म्हणून हाक मारतात आणि मेक्सिकोवाले त्यावर हसतात. जळगावात वाक्यागणिक "भो" लावणाऱ्याला यात हसण्यासारखं काही दिसेना. भाषेचा निवाडा करायला माद्रिदमध्ये १७१३ पासून रॉयल अकादमी बसलेली आहे, आणि आता जगभरात मिळून अशा तेवीस अकादम्या आहेत. तरी चौकातला वाद मिटलेला नाही. तो मिटला तर चौकात बसायचं कशाला?

एका संध्याकाळी शाळेने आपापल्या भाषेत दोन मिनिटं बोलायचा कार्यक्रम ठेवला. मी प्रमाण मराठीची तयारी करून गेलो होतो. पुण्यात कॉलेजला गेल्यावर पहिलं वर्ष मी तोंडातून "शे" निघू नये म्हणून जपून बोलण्यात घालवलं होतं, ती सवय. पण उभा राहिलो आणि अहिराणीच सुरू झाली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे होतात, असं घरी सांगतात तसं सांगून टाकलं. हसलं कुणी नाही. कुठली भाषा वरची आणि कुठली खालची, हे तिथं कुणाला माहीतच नव्हतं! ब्राझीलवाल्याने नंतर विचारलं, ही तुमच्या राजधानीची भाषा का? मी हो म्हणालो. तेव्हा आमचा भूतकाळ शिकून झाला होता, थापा मारायला परवानगी होती.

परत आलो. बाईंच्या वहीतले नियम पुण्याच्या पहिल्या पावसात वाहून गेले. शिल्लक राहिलं ते घड्याळाखाली बसून ऐकलेलं: कोरियन मुलीच्या आजीचे गुडघे, मोरोक्कोच्या लग्नातला रुसलेला मामा, आजोबांच्या नोकरीतल्या पहिल्या रात्रपाळीची गोष्ट. स्पॅनिश बोलताना आजही तीच वाक्यं तोंडात येतात. भाषेला वर्ग किती लागतो आणि माणसं किती लागतात, याचा पुरावा शोधायला खरं तर सालामांकापर्यंत जायचं कारण नव्हतं. ज्या बहिणाबाईंचं नाव आमच्या विद्यापीठाच्या पाटीवर आहे, त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी ऐकली, उतरवून घेतली, म्हणून ती आज अभ्यासक्रमात आहेत.

मामांनी परवा पुन्हा विचारलं, मग झाला का उपयोग? झाला. पगार वाढला, आणि जर्मन आजोबा येत्या हिवाळ्यात भुसावळ पाहायला येणार आहेत. तेव्हा भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या पोरांनो, परकीय भाषा जरूर शिका. फी भरा, परीक्षा द्या, बेडूक दिसला तर नमस्कार करा. पण वर्ग सुटल्यावर खोलीत जाऊन मोबाईल उघडू नका, चार परक्या माणसांत जाऊन बसा आणि येईल तसं बोला. आणि पालकांनो, संध्याकाळी पोरगं ओट्यावर बसलेलं दिसलं की "रिकामा बसू नको" म्हणून त्याला उठवू नका. हाच विषय युरोपात शिकायला पाठवायचा तर फार खर्च येतो, तो खर्च मी केलेला आहे.